बॉल रिकाम्या जागेत फेकायचा असतो

बर्नीसने चॅनल बदललं, एवढंच झालं. तिच्या एका हातात बटाट्याच्या धिरड्यांची ताटली होती. दुसऱ्या हाताने तिने गल्ल्याजवळचा रिमोट उचलला आणि टीव्हीवर तावातावाने भांडणारी दोन माणसं घालवून तिथे बोलिंगचा सामना लावला. शुक्रवारची संध्याकाळ होती, बार तळलेल्या माशाच्या वासाने भरून गेला होता, आणि वॉरन झिलिन्स्की नेहमीसारखा कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर एकटाच बसला होता. बर्नीसने त्याच्याकडे पाहिलं असतं, डोळा मारला असता, ‘मेल्यांना दुसरं काम नाही,’ असं काही म्हणाली असती, तर त्यानेही हसून सोडून दिलं असतं. पण तिने पाहिलंच नाही. आजारी माणसाच्या खोलीतून बाई पाय न वाजवता बाहेर पडते तसं तिने ते केलं आणि ताटली घेऊन निघून गेली. शेजारचा गस, जन्मभर नळदुरुस्ती केलेला आणि त्यापेक्षा जास्त वर्षं फुटबॉलवर बडबड केलेला, तोही एकदम बोलिंगमध्ये रस असल्यासारखा वर बघू लागला. गसला बोलिंगमध्ये रस असणं शक्यच नव्हतं. चॅनल बदलायच्या आधी टीव्हीवरचा तो तुळतुळीत डोक्याचा पोरगा विचारत होता, ‘बॉल झेलायला पेटवे नसता तर झिलिन्स्कीचं नाव आज कुणी घेतलं असतं का?’ टीव्हीवरची माणसं असं बोलणारच, त्यासाठीच त्यांना बसवलेलं असतं. पण आपल्याला हे ऐकवू नये असं या बारमधल्या माणसांना वाटलं, याचा अर्थ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आपापल्या मनात कधीच देऊन टाकलं होतं.

आणि बारच्या वरच्या भिंतीवर तर त्याचाच फोटो होता. मिलवॉकीत असा बार सापडणं कठीण की जिथे तो फोटो नाही. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, हिमवर्षाव, शेवटची घटका. वॉरनचा उजवा हात पुढे झेपावलेला, डावा खांदा किंचित खाली पडलेला, आणि बॉल नुकताच बोटांतून सुटून हवेत. ज्या दिशेने बॉल चाललाय तिकडे फोटोत कोणीच नाही, नुसता बर्फ. क्षणभराने त्या बर्फात आयझाया पेटवे उगवला होता, त्याने बॉल झेलला होता आणि शहराला त्याचं पहिलं आणि आजवरचं शेवटचं विजेतेपद मिळालं होतं. पण फोटो त्या आधीचा होता. तो पडलेला डावा खांदा शहराच्या अंगात भिनला होता. शाळांच्या मैदानांवर क्वार्टरबॅक व्हायला निघालेली पोरं, म्हणजे ज्यांच्या हातात बॉल येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे ज्यांना ठरवायचं असतं ती, अजून बॉल फेकताना डावा खांदा तस्साच पाडायची. त्यांच्यातल्या निम्म्यांना तो खांदा कुणाचा हे ठाऊकही नसेल.

‘रविवारी जाणार आहेस ना?’ बर्नीसने बिल ठेवताना विचारलं. रविवारी पेटवेच्या सन्मानार्थ त्याच्या जर्सीवरचा आकडा मैदानावर कायमचा टांगायचा होता. ‘जाणार तर,’ वॉरन म्हणाला. ‘सगळं गाव जाणारे. परत एकदा बॉल फेकणारेस म्हणे त्याला.’ ‘एकदाच,’ वॉरन म्हणाला. ‘एकदा पुरे रे बाबा,’ असं म्हणून ती हसली, आणि कोट घालायला तो उठला. कोट घालताना त्याने पाठ भिंतीकडे केली. उजवा हात बाहीत घालायचा म्हणजे आधी डाव्या हाताने तो धरून, उचलून, गोडीगुलाबीने आत सारावा लागे, आणि ते कुणी पाहावं असं त्याला वाटत नव्हतं.

त्या केल्सीचा फोन आला तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. संघाच्या कचेरीतली मुलगी, आवाज असा आनंदी की सर्दी झाली तरी आनंदीच राहील. ‘सर, फक्त एक थ्रो! तुम्ही तुमच्या जागेवर, पेटवेसर त्यांच्या जागेवर, लोक वेडे होतील!’ आणि तो म्हणून बसला होता, ‘हो, का नाही.’ नाही म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. उजवा हात कानाच्या वर जात नाही, पोरी. बायको, लोरेन, गेली तेव्हापासून ताटल्या वरच्या फळीवर ठेवल्याच नाहीत, कारण तिथवर हात पोचत नाही. त्या ओट्यावरच असतात, एक वापरायची, धुवायची, तीच परत वापरायची. पण हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ‘अरेरे, हरकत नाही सर, तुम्ही नुसतं हात हलवा,’ आणि मग सगळ्या शहरासमोर त्याने नुसता हात हलवला असता, आणि तो पेटवेचा दिवस, पेटवेचा आकडा, पेटवेचं मैदान झालं असतं. आता फेकला आणि पडला, तर त्या तुळतुळीत पोराला आठवडाभर पुरेल एवढं मिळणार होतं. आणि न फेकावं तर प्रश्नाचं उत्तर आपणच देऊन मोकळं व्हायचं. सरोवरावरून येणारा वारा कोटातून आत घुसत होता, रस्त्यावर सगळ्या बारांतून माशाचा वास येत होता, आणि प्रत्येक काचेआड माणसं दाटीवाटीने जेवत होती. त्याला वाटलं, आपण आयुष्यभर लोकांच्या गर्दीसमोर होतो, गर्दीत कधी नव्हतो.

बॉल माणसाकडे फेकायचा नसतो. हे त्याने कितीदा पत्रकारांना सांगितलं होतं. माणूस जिथे आहे तिथे फेकलात तर पोचेपर्यंत तो तिथे नसतो. बॉल रिकाम्या जागेत फेकायचा असतो. पेटवे पळत सुटायचा, समोरचा अडवणारा मागे राहतो की पुढे येतो ते दोघंही बघायचे, हा इथून, तो तिथून, आणि त्यावरून पेटवेने कुठे वळायचं ते दोघांनी मनातल्या मनात ठरवायचं. बोलायचं नाही, खुणा नाहीत. पेटवेची पाठ असतानाच बॉल वॉरनच्या हातून सुटलेला असायचा. तो क्षण विचित्र असे. हात रिकामा झालेला, बॉल वर, खाली नुसतं गवत. सत्तर हजार माणसं ओरडत असताना त्या क्षणी वॉरनला काही ऐकू यायचं नाही. मग त्या गवतावर पेटवे यायचा. दरवेळी यायचा. दहा-अकरा वर्षं यायचा. वॉरनला वाटे, मी जागा दाखवली आणि तो आला. त्याच्या मोठेपणाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा होता, की जिथे कुणी नव्हतं ती जागा आधी त्याने पाहिली. पण कधी कधी, मध्येच, दाढी करताना किंवा गाडी सिग्नलला उभी असताना, त्याच्या मनात यायचं: मी फेकला तिथे तो आला, की तो जाणार होता तिथे मी फेकला? सामन्यांची रिळं त्याने पुन्हा पुन्हा पाहिली होती. कॅमेरा आधी त्याच्या हातावर, मग बॉलबरोबर हवेत, आणि बॉल खाली उतरतो तेव्हा पेटवे तिथे आलेलाच असतो. मधलं काही दिसत नाही. हे सांगू शकेल असा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्याशी वॉरन तीस वर्षं बोलला नव्हता.

भांडण झालं असतं तरी बरं होतं, भांडणाला निदान दोन माणसं लागतात. पेटवे दुसऱ्या शहराच्या संघात गेला, तिकडची हवा उबदार, त्याच्या बायकोचे आईवडील तिकडचे. पत्रकारांनी वॉरनला गाठलं, आता काय करणार? वॉरन म्हणाला, ‘बॉल तर अजून माझ्याच हातात आहे.’ चांगलं वाक्य होतं, छापूनही आलं ठसठशीत. पेटवेने ते वाचलं असणारच. फोन कुणी करायचा? गेलेल्याने करावा असं वॉरनला वाटलं. राहिलेल्याने करावा असं कदाचित पेटवेला वाटलं असेल. लोरेन म्हणायची, ‘अरे, कर ना एक फोन, जीभ झडणारे का?’ तो म्हणायचा, करतो. पुढचे दोन मोसम तो नव्या झेलणाऱ्यांना बॉल फेकत राहिला, चांगली पोरं होती, चपळ होती, आणि बॉल गवतावर पडत राहिला. फेकल्यावर येणारी ती शांतता आता संपायचीच नाही. मग त्याने खेळणं सोडलं. खांदा दुखतो असं सांगितलं. तेव्हा तो दुखत नव्हता.

शनिवारी सकाळी तो जुना बॉल घेऊन शाळेच्या मैदानावर गेला. दक्षिण भागातलं हे मैदान, उन्हाळ्यात सुट्टी लागली की ते दोघं इथेच यायचे, कुणी बघायला नसायचं; पेटवेच्या करंगळीचं हाड इथेच वॉरनच्या बॉलने मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. ‘लेका, बॉल फेकतोस की सूड घेतोस?’ पेटवे करंगळी तोंडात धरून ओरडला होता. आता मैदानावर दव होतं आणि एक बाई कुत्रा फिरवत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत वॉरन बुटाची नाडी बांधत बसला. मग उभा राहिला, पाय मांडले, हात जेवढा वर जाईल तेवढा नेला आणि फेकला. बॉल डगमगत गेला, लवकरच खाली आला, टोकावर पडून वेडावाकडा उसळला आणि कुंपणाकडे घरंगळत जाऊन थांबला. वॉरन वाट बघत राहिला. कशाची, ते त्याला जरा वेळाने कळलं. बॉल कुणीतरी परत आणून देईल याची. आजवरच्या आयुष्यात स्वतः फेकलेला बॉल आणायला तो स्वतः कधी गेला नव्हता. तो चालत गेला, गुडघे वाकवून बॉल उचलला, चालत परत आला, फेकला, पुन्हा चालत गेला. त्या चालण्यात त्याला इतकं एकटं वाटलं की तेवढं लोरेनला पुरून परततानाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान गाडीत माणसं होती.

रविवारी त्यांना मैदानाखालच्या बोगद्यात उभं केलं. वर लोकांचे पाय धडधडत होते. केल्सीने दोघांना संघाचे कोट आणून दिले, ‘सर, हे घाला, आणि पेटवेसर, तुमच्यासाठी गवतावर पिवळी फुली मारलीय, तिथे उभं राहायचं!’ असं सांगून ती तुरुतुरु पळाली. मग दोघंच उरले. पेटवे अंगाने सुटला होता, दोन्ही गुडघे धातूचे, हातात काठी, दाढी पांढरीशुभ्र. वॉरनने तीस वर्षं या क्षणासाठी वाक्यं जुळवली होती. त्याने कसाबसा कोट चढवला.

‘म्हातारा झालास, झी,’ पेटवे म्हणाला. झी म्हणणारा जगात हा एकटाच.

‘तू काय लग्नाला उभा आहेस?’

‘माझी बायको म्हणते, मी अजून देखणा दिसतो.’

‘तिची नजर आधीपासूनच अधू.’

पेटवे हसला. हसणं तेच, पोटातून येणारं. मग म्हणाला, ‘लोरेनचं कळलं मला. फोन करणार होतो.’

‘हो. मीपण.’

‘खांदा कसा आहे?’

‘झकास,’ वॉरन म्हणाला.

‘हं,’ पेटवे म्हणाला, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

बाहेर उजेड डोळ्यांवर आला आणि आवाज अंगावर. लोक उभे होते. वॉरन आपल्या जागेवर गेला, कुणीतरी बॉल हातात दिला. पेटवे काठीशिवाय, बदकासारखा डोलत, दूरवर त्या पिवळ्या फुलीवर जाऊन उभा राहिला, आणि मधलं गवत वॉरनला न संपणारं वाटलं. भोंग्यावरून कुणी तरी त्या सामन्याचं वर्णन करत होतं, बर्फ, शेवटची घटका. अजूनही खांद्याचं सांगता आलं असतं. बॉल खाली ठेवून, चालत जाऊन, हात मिळवता आला असता. लोकांना तेही आवडलं असतं. पण आपण आजवर काय होतो याचा निकाल आत्ता इथे लागणार आहे असं त्याला वाटत होतं, आणि पळून जायची वेळ टळून गेली होती. त्याने हात मागे नेला. खांद्यात सुरी फिरावी तशी कळ आली. आणि मग ती जुनी शांतता आली, अचानक, न बोलावता. तोंडं हलताना दिसत होती आणि आवाज नव्हता. त्या शांततेत वॉरनने ते पाहिलं. पेटवेचा डावा पाय वळला. फुली सोडून तो पाय पुढे पडला, वॉरनच्या दिशेने, जड, अवघडत. आणि बॉल अजून वॉरनच्या हातात होता.

मग हात उघडला. बॉल भेलकांडत निघाला आणि अर्ध्या वाटेत दम सुटल्यासारखा खाली यायला लागला, जिथे यायला लागला तिथे गवत रिकामं नव्हतं. पेटवे तिथे पोचत होता. त्याने दोन्ही तळवे खाली नेले आणि तान्हं मूल उचलावं तसा बॉल गवताच्या वरच्या वर उचलला. मैदान आवाजाने फुटलं. तरुणपणी हे सगळं एवढ्या वेगात व्हायचं की कुणाच्या डोळ्यांना सापडायचं नाही. आता दोघंही मंद झाले होते म्हणून ते दिसलं होतं.

पेटवे धापा टाकत त्याच्यापाशी आला आणि बॉल त्याच्या पोटावर टेकवला. त्याची वाकडी करंगळी वॉरनला दिसली.

‘जरा आखूड पडला,’ पेटवे म्हणाला.

‘तू आधीच निघालास.’

‘मग काय करू? कोट घालताना बघितलं ना मी. झकास म्हणे!’

‘आजचं राहू दे. तेव्हा? बर्फातल्या त्या बॉलला?’

आवाज एवढा होता की पेटवेला तोंड त्याच्या कानाशी आणावं लागलं. ‘तुझा डावा खांदा, झी. मनात धाकधूक असली की फेकायच्या आधी तू तो पाडायचास, आणि मी पळता पळता मान वळवून चोरून बघायचो. मला कळायचं, आता हा चुकणार. आणि कुठे चुकणार तेही कळायचं. त्या दिवशी मी बाहेरच्या कडेला जायचं ठरलं होतं ना? तू खांदा पाडलास, मी आत वळलो.’

‘कधी बोलला नाहीस.’

‘बोललो असतो तर तू खांदा पाडायचं थांबवलं असतंस. मग मी कुठे पळालो असतो, गाढवा?’

वॉरनला खूप काही म्हणायचं होतं. म्हणजे रिकाम्या जागेत मी एकटा कधीच फेकत नव्हतो, दरवेळी माझ्या आधी तू तिथे निघालेला होतास, हे मला तेव्हा कळायला हवं होतं, निदान तू गेलास तेव्हा तरी. मी फोन केला असता, त्याच दिवशी केला असता. पण तेवढ्यात पेटवेची मुलं, सुना, नातवंडं गवतावर धावत आली, कुणी गळ्यात पडलं, कुणी पायाला बिलगलं, कॅमेरेवाले मध्ये घुसले आणि ती सगळी गर्दी पेटवेला घेऊन हळूहळू दुसऱ्या टोकाला सरकली, जिथे त्याचा आकडा वर चढवायचा होता. वॉरनने टाळ्या वाजवल्या. बॉल काखेत धरून वाजवल्यामुळे त्यांचा आवाज झाला नाही.

पुढच्या शुक्रवारी बार भरलेला होता. टीव्हीवर तीच दोन माणसं होती आणि बर्नीसचा हात सवयीने रिमोटकडे गेला.

‘राहू दे, बर्नीस,’ वॉरन म्हणाला.

‘अरे, कशाला त्या मेल्यांचं...’

‘राहू दे. बघू या.’

रविवारचा बॉल पुन्हा दाखवला. कॅमेरा वॉरनच्या हातावर होता, जवळून, म्हातारी बोटं, पडलेला खांदा, मग बॉल, मग बॉलखाली पेटवे. फुली नव्हती. पेटवेचा वळणारा पाय नव्हता. यावेळीही तो चौकटीत आला नव्हता. ‘बघा,’ तुळतुळीत पोरगा म्हणाला, ‘बॉल आखूड होता, पेटवेने वाचवला. चाळीस वर्षांपूर्वीही हेच झालं असणार!’ बारमध्ये सगळे आपापल्या ताटलीत बघू लागले.

‘खरं बोलतोय तो पोरगा,’ वॉरन मोठ्याने म्हणाला. सगळे वळले. तो स्टुलावरून खाली उतरला. उभं राहून बोलायची त्याला सवय नव्हती. ‘मी चुकायचो. तो आधी निघायचा. मी फेकायच्या आधी. त्या बर्फातला बॉल मी चुकीच्याच जागी फेकला होता. मला माहीत नव्हतं, रविवारी कळलं. त्याचा पाय आधी वळतो, मी बघितलाय.’

वॉरनला आतून हलकं वाटलं, भीतीही वाटली. आता हे विचारतील, कसा पाय, कुठला पाय, आणि आपण सांगू, दोघातिघांना तरी सांगू.

‘ऐकलंत?’ गस उठून उभा राहिला, त्याचे डोळे पाण्याने भरले होते. ‘ऐकलंत का रे? सगळं श्रेय मित्राला देऊन मोकळा झाला! याला म्हणतात माणूस! त्या टीव्हीवरच्या टकल्याला म्हणावं, ये इकडे आणि शीक!’

‘गस, तसं नाही, मी खरंच...’

‘बस, बस! आणखी लाजवू नकोस आम्हाला!’ गसने ब्रँडीचा पेला वर धरला, आणि पेला वर धरून डावा खांदा खाली पाडला, फोटोतल्यासारखा. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि मग एकेक जण उठून तसाच उभा राहिला, पेला वर, डावा खांदा खाली. दाराजवळच्या टेबलावरची अनोळखी माणसंसुद्धा उठली. बर्नीसने हातातली ताटली सांभाळत आपला खांदा पाडला.

वॉरन त्यांच्याकडे बघत राहिला. पेटवेला हे कळलं असतं तर तो हसून हसून खुर्चीवरून पडला असता. पण रविवारच्या त्या गर्दीत त्याचा फोन नंबर घ्यायचा राहून गेला होता. वॉरन पुन्हा स्टुलावर बसला, डाव्या हाताने काटा उचलला आणि मासा खायला लागला. तो गार झाला होता.